सरासरी कोणत्या वर्षांची? माळव्याच्या हवामान-चर्चेचा आढावा

22 ऑगस्ट 2020च्या सकाळी साडेआठ वाजता इंदूरच्या वेधशाळेत मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला, तेव्हा आकडा अडीचशे मिलीमीटरच्या पुढे गेला होता. या शहरात वर्षभरात साधारण साडेनऊशे मिलीमीटर पाऊस पडतो. त्यातला चौथाईहून अधिक एका दिवसात कोसळला. पुढचे काही दिवस शहरात दोन वाक्ये सारखी कानावर येत होती. ‘हवामान बदललंय, दुसरं काय?’ हे एक, आणि ‘असले पाऊस आम्ही पूर्वीही पाहिलेत’ हे दुसरे.

दोन्ही वाक्यांना नोंदींचा आधार आहे. ऑगस्टमधला आधीचा विक्रम 1981चा होता. एकोणचाळीस वर्षांनी तो मोडला. पण इंदूरच्या नोंदवहीतला एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस आजही 27 जुलै 1913चा आहे, 293 मिलीमीटर. त्या काळी हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या मानाने पुष्कळ कमी होता. म्हणून 2020चा एक दिवस दाखवून हवामान बदलले असे सिद्ध होत नाही, आणि 1913चा एक दिवस दाखवून ते बदललेले नाही असेही सिद्ध होत नाही. या दोन दिवसांच्या मधल्या शंभराहून अधिक वर्षांत असे दिवस किती आले, किती अंतराने आले आणि ते अंतर कमी होत आहे का, हे पाहावे लागते. ही चर्चा आज कुठवर आली आहे, हे माळव्यात बसून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

शाळेच्या भूगोलात ‘हवा’ म्हणजे ठरावीक वेळची, ठरावीक ठिकाणची वातावरणाची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे तिची अनेक वर्षांची सरासरी असे शिकवतात. या लेखात हे शब्द त्याच अर्थाने येतील.

माळव्याची जुनी ओळख

हवामान म्हणजे सरासरी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराशी पाऊस मोजण्याचे कुंड ठेवावे असे सांगितले आहे आणि प्रदेशवार पावसाचे आकडेही दिले आहेत. त्यात अवंतीला, म्हणजे आपल्या माळव्याला, 23 द्रोण आणि गोदाकाठच्या अश्मकाला साडेतेरा. द्रोणाचे आजच्या मिलीमीटरमध्ये रूपांतर कसे करायचे यावर अभ्यासकांचे एकमत नाही; पण माळव्यात जास्त आणि मराठवाड्याच्या बाजूला कमी हा क्रम आजही तसाच आहे. हा आकडा एखाद्या वर्षाचा नसून ‘इथे एवढा पडतो’ असा आहे. महसूल आणि पेरणी ठरवणाऱ्याला हवामान हवे होते, ते त्याने लिहून ठेवले.

उज्जैनशी ज्याचे नाव जोडले जाते तो वराहमिहिर सहाव्या शतकात वेगळ्या प्रश्नाच्या मागे होता. बृहत्संहितेत त्याने मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे दिली आणि गर्भ धरल्यापासून 195 दिवसांनी पाऊस पडतो असे गणित मांडले. ही विशिष्ट दिवसाच्या हवेचा अंदाज बांधण्याची धडपड होती. त्याचे गणित आज कोणी वापरत नाही, परंतु सहा महिने आधीच्या खुणांवरून पावसाळा ओळखता येईल हा त्याचा विश्वास आजच्या हंगामी अंदाजामागेही आहे.

आपल्या घरातली नक्षत्रेही खरे तर हवामानाचेच कोष्टक आहेत. मृग 7-8 जूनला लागते. नाशिक-पुण्याकडे मृगाचा पाऊस पंचांगाशी जुळतो. इंदूरला पावसाळा खऱ्या अर्थाने बसेपर्यंत बहुधा आर्द्रा जवळ आलेली असते. इथल्या मराठी घरांनी कोष्टक दक्षिणेतून आणले आणि पाऊस माळव्याचा पाहिला. शिवाय निरयन पंचांगातले नक्षत्र ऋतूच्या तुलनेत सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. वराहमिहिराच्या काळातली आर्द्रा आणि आजची आर्द्रा यांत सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे. कोष्टक पवित्र मानले तरी त्यातल्या तारखा वेळोवेळी तपासाव्याच लागतात.

माळव्याच्या ख्यातीचे असेच आहे. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत माळव्याची हवा इतकी समशीतोष्ण सांगितली आहे की थंडीत जाड कपड्यांची आणि उन्हाळ्यात पाणी गार करायला सोऱ्याची फारशी गरज पडत नाही. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र ही ख्याती तर सगळ्यांना ठाऊक आहे. यामागे भूगोल आहे. पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री उष्णता झपाट्याने सोडून देते.

आणखी एक समजूत होती, माळव्यात दुष्काळ पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर ती उभी होती. विक्रम संवत 1956मध्ये, म्हणजे 1899-1900 साली, पावसाने दगा दिला आणि ‘छप्पन्या’ने माळव्यातही माणसे आणि गुरे मारली. पिढ्यांचा अनुभव खोटा नव्हता. पण सरासरी चांगली असलेल्या प्रदेशातही एखादे वर्ष किती वाईट जाऊ शकते, हे सरासरी सांगत नाही.

तीस वर्षांचा दंडक

भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले, ते चक्रीवादळे आणि दुष्काळ यांच्या धक्क्याने. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली. 1904 ते 1924 या काळात खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर जगभरच्या नोंदी गोळा करता करता प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाच्या हेलकाव्यापर्यंत पोहोचले. आज एल निनोची जी चर्चा आपण करतो तिची एक बाजू तिथे सापडली. 1928 साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुढे ते दिल्लीला गेले तरी पुण्यातले काम चालू राहिले, आणि 1962मध्ये तिथेच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था उभी राहिली. माळव्याच्या पावसावरचे बरेचसे महत्त्वाचे संशोधन पुण्यात झाले आहे.

हवामान ठरवायला किती वर्षे धरायची? 1935 साली वॉर्सात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 1901 ते 1930 ही तीस वर्षे प्रमाण मानली. तीसच का, याला निसर्गातले कारण नाही. दहा वर्षांत एखाद-दोन वाईट वर्षे आली तर सरासरी कलते. शंभर घेतली तर वाट पाहण्यात आयुष्य जाते. तीस ही तडजोड होती आणि ती टिकली.

हवामान बदलत नसते तर कोणती तीस वर्षे घेतली याने फरक पडला नसता. आज पडतो, आणि या आढाव्यात पुढे येणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ माझ्या मते इथेच आहे. हवामान खात्याचे तापमानाचे ‘सामान्य’ आता 1991 ते 2020चे आहे. मोसमी पावसाची देशाची दीर्घकालीन सरासरी 1961-2010 या वर्षांवर 88 सेंटीमीटर होती. 2022पासून 1971-2020 धरून ती 87 झाली. एक सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण एवढ्याने सीमेवरचे वर्ष ‘कमी’ किंवा ‘सामान्य’ ठरू शकते.

इथे दोन मते आहेत. एक म्हणते, सरासरी दर दहा वर्षांनी ताजी करावी. आज पेरणी करणाऱ्याला आजोबांच्या काळातली सरासरी सांगून काय उपयोग? दुसरे म्हणते, मोजपट्टीच सरकत गेली तर वाढ दिसणार कशी? उष्णतेच्या लाटेचे उदाहरण घ्या. मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांवर आणि सामान्यापेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तर लाट जाहीर होते. सामान्य वर सरकले की तेवढेच ऊन लाटेत बसेनासे होते, अंगाला मात्र ते तितकेच भाजते. जागतिक हवामान संघटनेने मधला मार्ग काढला आहे. रोजच्या कामासाठी सरासरी दर दशकाला नवी होते, आणि दीर्घ बदल मोजण्यासाठी 1961-1990 ही वर्षे कायम राहतात. मला हा मार्ग पटतो, फक्त बातम्यांमध्ये कोणती सरासरी वापरली हे क्वचितच सांगितले जाते.

परवाचे सांगता येत नाही, मग 2050चे कसे?

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतोच, आणि तो रास्त आहे. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 साली दाखवले की वातावरणाच्या सुरुवातीच्या स्थितीतला इवलासा फरक काही दिवसांत एवढा वाढतो की अंदाज कामातून जातो. हवेच्या तपशीलवार अंदाजाची हद्द ढोबळमानाने दोन आठवड्यांची मानली जाते. मग त्यापलीकडे बोलायचेच नाही का?

1981मध्ये ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी याचे उत्तर उष्ण कटिबंधापुरते मांडले. इथल्या हंगामाची एकूण चाल समुद्राचे तापमान, जमिनीतला ओलावा अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टी ठरवतात. त्यामुळे कोणत्या तारखेला पाऊस पडेल हे कळले नाही तरी हंगाम कसा जाईल याची शक्यता सांगता येते. 2050चा प्रश्न याहून वेगळा आहे. तिथे आजच्या स्थितीपेक्षा वातावरणात येणारी आणि त्यातून बाहेर जाणारी उष्णता महत्त्वाची ठरते. चुलीवरच्या पातेल्यात पुढचा बुडबुडा कुठे फुटेल हे कोणी सांगू शकत नाही. आच वाढवली तर पाणी अधिक तापेल हे सांगायला त्याची गरजही नसते.

मधला टप्पा, म्हणजे हंगामी अंदाज, सर्वांत अवघड ठरला. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988मध्ये सोळा घटकांचे प्रारूप दिले. त्या काळात घराघरांत त्याची चर्चा होती, मराठी माणसांना त्याचा विशेष अभिमान होता, आणि ओळीने अनेक वर्षे पावसाने त्या प्रारूपाची लाज राखली. 2002 साली अंदाज 101 टक्क्यांचा होता आणि पाऊस 81 टक्के झाला. प्रारूप बदलावे लागले. एका गटाने याचा अर्थ संख्याशास्त्रीय नात्यांवर विसंबू नये असा घेतला, कारण जुन्या तीस-चाळीस वर्षांत जुळलेली नाती पुढे तुटतात. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की समुद्र आणि वातावरण जोडून चालवलेली गणिती प्रारूपेही मोसमी पावसाच्या बाबतीत अजून तितकी पक्की नाहीत. आज खाते दोन्हींची सांगड घालते.

मोसमी पावसाच्या मुळाशीच मतभेद होता, हेही नोंदवले पाहिजे. एडमंड हॅली यांनी 1686मध्ये मांडलेले चित्र आपण शाळेत शिकलो. जमीन तापते, समुद्रावरून वारे येतात, पाऊस पडतो. सुलोचना गाडगीळ यांनी ते सातत्याने तपासले. जमीन सर्वाधिक तापते ती मे महिन्यात, पाऊस मात्र नंतर येतो. आणि दुष्काळी वर्षी तर जमीन अधिकच तापलेली असते. त्यांच्या मते मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्याचे उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकणे. ही चर्चा वर्गातली वाटली तरी तिचा परिणाम दूरवर जातो. जमीन तापली की पाऊस वाढतो हे सरळ समीकरण डोक्यात असेल, तर तापत्या जगाच्या पावसाबद्दलचा आपला तर्कही चुकतो. जुलै 2025मध्ये गाडगीळ गेल्या. मोसमी पावसाचा शेतकऱ्याच्या निर्णयाशी संबंध जोडण्याचे त्यांचे काम पुढे नेणारे अजून थोडे आहेत.

तापमान: जिथे वाद उरला नाही आणि जिथे उरला

पृथ्वी तापते आहे आणि कारण मानवी आहे, यावर अभ्यासकांत आता वाद नाही. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या 2020च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढले. 2024 हे 1901पासूनचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्याच वर्षी जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशापेक्षा जास्त भरले, आणि पॅरिस कराराची मर्यादा मोडली अशा बातम्या आल्या. त्या घाईच्या होत्या. ती मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजायची आहे; एल निनोने उचललेले एक वर्ष पुरेसे नाही. मात्र अशी वर्षे ओळीने येऊ लागली की तीच सरासरी होते, हेही तितकेच खरे.

वाद आहे तो भारत जगातल्या इतर भूभागांपेक्षा कमी का तापला याबद्दल. धूर आणि धूलिकण सूर्याचे ऊन अडवतात हे एक स्पष्टीकरण. सिंचनाने ओली राहिलेली जमीन हवा गार ठेवते हे दुसरे. एकेका लाटेच्या तपासातही असाच गुंता दिसतो. मे 2016मध्ये राजस्थानातल्या फलोदीला 51 अंशांची नोंद झाली, तेव्हा अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाला त्या विक्रमात हवामान बदलाचा हात स्पष्ट दाखवता आला नाही. अशाच पद्धतीने 2022च्या मार्च-एप्रिलमधली लाट तपासली, तेव्हा हवामान बदलामुळे तिची शक्यता सुमारे तीसपट वाढली असा निष्कर्ष आला. पहिली लाट एका ठिकाणच्या एका दिवसाची होती, दुसरी मोठ्या प्रदेशावर आणि अनेक आठवडे टिकलेली. प्रश्न कसा मांडला यावर उत्तर बदलते. धूर कमी झाला की दडलेली उष्णता बाहेर येईल काय, याची चिंता दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांना आहे.

पाऊस: सर्वांत मोठा मतभेद

माळव्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि इथे अभ्यासकांनी एकमेकांना खरोखर तपासले आहे.

2006 साली भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लेख लिहिला. मध्य भारताची एक चौकट घेऊन त्यांनी 1951 ते 2000चा रोजचा पाऊस पाहिला. एका दिवसात 100 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. दोन्हींची वजाबाकी होऊन हंगामाची सरासरी जवळजवळ तीच राहिली होती. हा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. बेरीज तीच राहिली तरी पावसाचा स्वभाव पालटू शकतो, आणि नुसती सरासरी पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. 2017मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दाखवले आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाढत्या चढउताराकडे बोट केले. मंत्रालयाच्या अहवालातही मध्य भारतात दिवसाला 150 मिलीमीटरहून जास्त पावसाच्या घटना 1950 ते 2015मध्ये सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्याचे म्हटले आहे.

दुसरी बाजू मुंबईच्या आयआयटीतल्या सुबिमल घोष यांच्या गटाने 2012मध्ये मांडली. चौकटीतल्या सगळ्या ठिकाणांची बेरीज न करता त्यांनी प्रत्येक जागा वेगळी पाहिली. सगळीकडे सारखा कल दिसत नव्हता. कुठे अतिवृष्टी वाढलेली, कुठे घटलेली, आणि शेजारशेजारच्या जागांमधला फरक मात्र वाढत चाललेला. हा गोस्वामींच्या निष्कर्षाला नकार नव्हता. प्रदेशाबद्दल खरे असलेले विधान गावाबद्दल खरे असेलच असे नाही, हा इशारा होता.

इंदूरकराने तो कान देऊन ऐकावा. गोस्वामींची चौकट पूर्व रेखांश साडेचौऱ्याहत्तरपासून सुरू होते आणि इंदूर पंचाहत्तरच्या पुढे आहे, म्हणजे आपण तिच्या पश्चिम कडेला बसतो. बंगालच्या उपसागरात उठलेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगढ ओलांडून इथवर पोहोचले तर आपल्याला धो धो पाऊस. वाटेत विरले तर कोरडे ढग. 2020चा ऑगस्ट अशाच पट्ट्याचा होता. मध्य भारताचा आकडा जसाच्या तसा इंदूरला चिकटवणे म्हणूनच धोक्याचे.

हंगामाच्या एकूण पावसाबद्दल तर आणखी गुंता आहे. 1951 ते 2015मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. 2011मध्ये मासिमो बोलासिना आणि सहकाऱ्यांनी याचा दोष धूलिकणांवर ठेवला. कोल यांनी 2015मध्ये हिंदी महासागराच्या तापण्यावर ठेवला. त्यानंतर किंजियान जिन आणि चिएन वांग यांनी 2017मध्ये म्हटले की 2002पासून पाऊस पुन्हा वाढू लागला आहे. या शतकाच्या अखेरीबद्दलची बहुतेक प्रारूपे पाऊस वाढेल असेच सांगतात, कारण एक अंश तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पण येत्या दहा-वीस वर्षांत निसर्गाचा स्वतःचा चढउतार या वाढीला झाकू शकतो, असे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2021च्या अहवालाचे म्हणणे आहे. उद्योगपती, आमदार आणि शेतकरी या तिघांनाही नेमकी हीच दहा-वीस वर्षे हवी असतात.

2023चे उदाहरण जवळचे आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. माळव्यात सोयाबीन माना टाकत होते, देवळांत पर्जन्यासाठी पूजा चालू होत्या. सप्टेंबरच्या मध्यावर इंदूरला एका दिवसात पावणेदोनशे मिलीमीटरच्या जवळपास पाऊस झाला. हंगामाच्या शेवटी बेरीज करणाऱ्याला त्या वर्षाची बाजू फारशी वाईट दिसली नाही. शेतात उभ्या असलेल्याला दोन वेगवेगळी संकटे दिसली.

शहर तापले की हवामान?

1951च्या जनगणनेत इंदूरची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. 2011मध्ये ती साडेएकोणीस लाखांच्या पुढे गेली. विमानतळ एकेकाळी शहराबाहेर होता, आता वस्तीने त्याला गाठले आहे. ‘पूर्वी मे महिन्यातही गच्चीवर पहाटे चादर ओढावी लागे’ असे रामबागेतल्या किंवा स्नेहनगरातल्या जुन्या घरांत आजी-आजोबा सांगतात, ते खरेच आहे. काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता धरून ठेवतात आणि रात्रभर सोडत राहतात, त्यामुळे शहराचा परिणाम दिवसापेक्षा रात्री जास्त जाणवतो. माळव्याची प्रसिद्ध रात्र नेमकी तिथेच मार खाते.

याबद्दल एक मत असे की शहरी उष्णता हा मोजमापातला गोंधळ आहे आणि तो वगळूनच हवामानाचा विचार करावा. जागतिक सरासरीवर शहरांचा परिणाम अगदी थोडा आहे, हे तपासून झाले आहे. दुसरे मत असे की माणूस जागतिक सरासरीत राहत नाही, रामबागेत राहतो. दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर आहेत, पण उपाय वेगळे निघतात. शहरी उष्णतेवर झाडे, तळी, छतांचा रंग आणि रस्त्यांची आखणी यांचा उपयोग होतो, तो महानगरपालिकेच्या आवाक्यात आहे. सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव 2022मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले आणि 2025मध्ये इंदूरला पाणथळ शहराचा मान मिळाला, त्याचे मोल या दृष्टीने मोठे आहे. जागतिक तापमानवाढ मात्र इंदूरच्या झाडांनी थांबणारी नाही. रात्रीच्या वाढीतला कोणता हिस्सा शहराचा आणि कोणता पृथ्वीचा, हे वेगळे करायला शहराबाहेरच्या खेड्यांतल्या लांब नोंदी लागतात, आणि त्याच विरळ आहेत.

पाण्याच्या बाबतीत तर शहर आपल्या हवामानापासून तुटलेच आहे. 1978पासून जलूदहून नर्मदा चढवून आणली जाते. त्यामुळे माळव्यात पाऊस कमी झाला तरी नळाला लगेच कळत नाही. नळाचे हवामान आता नर्मदेच्या उगमापर्यंत, अमरकंटकपर्यंत पसरले आहे.

शेतकऱ्याची सरासरी वेगळी

शेतकऱ्याला हवा आणि हवामान दोन्हींवर पैसे लावावे लागतात. पेरणी कधी करायची हा हवेचा प्रश्न. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा सल्ला आहे की सुमारे 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. सावेर-देपालपूरकडचा शेतकरी आकडा पाहतोच, पण काळ्या मातीत बोटे खुपसून ओल किती खोल गेली हेही पाहतो. पहिल्या सरीने वरचा चार बोटांचा थर भिजतो, खाली कोरडे राहते, आणि त्यावर पेरले तर बी उगवून करपते. वाण कोणते घ्यायचे हा मात्र हवामानाचा प्रश्न. पावसाळा लवकर आटोपतो या अनुभवावर अनेकांनी जेएस 95-60सारखी कमी दिवसांची वाणे घेतली. ती सप्टेंबरात पिकतात. 2019च्या सप्टेंबरात माळव्यात, विशेषतः मंदसौर-नीमचकडे, पावसाने हाहाकार केला आणि तयार शेंगा शेतातच खराब झाल्या.

पावसाळा उशिरा परततो असे हवामान खात्यानेही 2020मध्ये मान्य केले. वायव्य राजस्थानातून परतीची सामान्य तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरला गेली. याचा अर्थ लांब दिवसांच्या वाणांकडे वळावे काय? एका मताने, होय, तारीख सरकली तर वाणही सरकले पाहिजे. दुसऱ्या मताने, परतीचा पाऊस सरकला तरी ऑगस्टमधला खंड कायम आहे, म्हणून एकच वाण न लावता दोन-तीन मिसळून लावावीत. मला दुसरे मत व्यवहाराचे वाटते, कारण ते सरासरीवर कमी आणि चढउतारावर जास्त भर देते.

पीकविम्याची सरासरी आणखी निराळी. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत उंबरठा उत्पन्न ठरवताना मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरली जातात. म्हणजे एकाच शेताला तापमानासाठी तीस वर्षांची, पावसासाठी पन्नास वर्षांची आणि विम्यासाठी सात वर्षांची सरासरी लागू होते. शहरातल्या नाल्यांची रुंदी आणखी कुठल्यातरी जुन्या पावसावर ठरलेली असते. 2008 साली मिली आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिले की मागच्या नोंदींवरून पुढचे पाणी ठरवण्याची पद्धतच आता टिकत नाही. अभियंत्यांतल्या एका गटाने हे स्वीकारले. दुसरा गट विचारतो, जुन्या नोंदी टाकून दिल्या तर नाला कशावर आखायचा? प्रारूपांचे आकडे एकमेकांशी जुळत नसताना हा प्रश्न उडवून लावता येत नाही.

अजून काय बाकी आहे

धूलिकण घटल्यावर पावसाचे काय होईल, मध्य भारतातला अतिवृष्टीचा कल इंदूरच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघात कितपत उतरतो, आणि रात्रीच्या उष्णतेचा हिशेब शहर व पृथ्वी यांच्यात कसा वाटायचा, हे तीन प्रश्न खुले आहेत. तिन्हींना दाट आणि लांब नोंदी लागतात. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजला जातो; त्यामुळे रात्री सुरू होऊन सकाळी नऊपर्यंत चाललेला पाऊस दोन तारखांत वाटला जातो आणि अतिवृष्टीच्या यादीतून निसटू शकतो. तासातासाच्या जुन्या नोंदी यासाठी फार मोलाच्या आहेत.

2023च्या जुलैत केंद्राने ‘विंड्स’ नावाची योजना जाहीर केली. प्रत्येक तालुक्यात स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवायचे असे तिचे स्वरूप आहे. ते झाले तर पेरणी, विमा आणि पुराचा इशारा यांना लगेच फायदा होईल. हवामानाच्या अभ्यासाला मात्र त्या यंत्रांची तीस वर्षे पूर्ण व्हायला 2050चे दशक उजाडेल. तोवर गावच्या नव्या यंत्राची नोंद तालुक्याच्या जुन्या मापकाशी जोडून वापरावी लागेल. जागा वेगळी, यंत्र वेगळे, वाचण्याची वेळ वेगळी. ही जोडणी कोणत्या पद्धतीने करायची यावर अजून एकमत झालेले नाही.